पाहुणी कुणाच्या घरची

गुरबार्ध, १२ एप्रिल १९९२

शेगा,

लुना येते आहे, म्हणून मला हे पत्र लिहावं लागतं आहे. दुसरं कुठलंही कारण असतं तर लिहिलं नसतं, हे तुलाही ठाऊक आहे.

तुझ्या सुना-नातवंडांपुढे हे पत्र वाचलं जाईल, म्हणून त्यांच्यासाठी चार ओळी. लुना ही राहामिम टोपीवाल्याची मुलगी. युद्धात जर्मनांनी बेलग्रेडमधले ज्यू धरायला सुरुवात केली तेव्हा राहामिम, त्याची बायको एस्त्रेया आणि ही पोर तिथून निसटली आणि दोन वर्षं लपतछपत, डोंगरांवरून चालत आपल्या गावात आली. आधी आमच्या घरी राहिली, नंतर तुमच्या. ती तेव्हा आठ वर्षांची, मी नऊ. युद्ध संपताना ती गेली आणि मग आपल्या सरकारने सीमा अशी बंद केली की पत्रसुद्धा आलं नाही. आता आलं. तिने ते आपल्या भाषेत लिहिलं आहे, पण ती भाषा आठव्या वर्षीच थांबलेली. छप्पन्न वर्षांची बाई लिहिते, 'मी येणार. मला खूप खूप मक्याची भाकरी द्या. शेळी आहे का अजून?' शाळेतल्या मुलीचा निबंध असता तर मी पन्नासपैकी वीस दिले असते. पण मी तो पुन्हा पुन्हा वाचला.

ती शनिवारी, ९ मेला पोहोचते. दोन रात्री राहणार.

अडचण पुढे आहे. पाकिटावर तिने पत्ता घातला आहे तो असा: 'सेलमान आणि बायराम यांचं घर.' घर, घरं नव्हे. राहामिम गेल्या हिवाळ्यात वारला. तिने लिहिलं आहे की तो शेवटपर्यंत एकच गोष्ट सगळ्यांना सांगत असे: 'माझ्यावरून दोन चांगली माणसं बंदुका घेऊन समोरासमोर उभी राहिली आणि माझ्यामुळेच त्यांनी हात मिळवले. टोप्या तर कुणीही शिवतं. मी आयुष्यात हे एक काम केलं.'

ते हात का मिळवले होते हे तू जाणतेस, मीही जाणते. पाहुण्याला मनावर ओझं घेऊन उंबऱ्याबाहेर पाठवायचं नाही, म्हणून बाबांनी आणि तुझ्या सासऱ्यांनी, बायरामांनी, त्याच्यासमोर गळाभेट घेतली. तो गेला आणि त्या दिवसापासून आजपर्यंत दोन्ही घरांत शब्द नाही. बाबा गेले, बायराम गेले, तुझा नवरा गेला. आता उरलो तू आणि मी. आपल्या दारांमध्ये एक ओढा आहे आणि ओढ्यावर एक फळी. तुझा कोंबडा आरवला की मला जाग येते. आणि पत्र मात्र झुरा आत्याच्या हाती पाठवावं लागतं.

लुनाला इथे येऊन हे कळता कामा नये. बापाला जाऊन वर्ष झालेलं नाही, आणि त्याने आयुष्यभर मिरवलेली गोष्ट खोटी होती हे तिने आपल्या अंगणात उभं राहून शिकावं का?

तेव्हा माझं म्हणणं स्पष्ट आहे. ती आधी आमच्या घरी आली होती, आमच्याच घरी उतरेल. तू शनिवारी संध्याकाळी जेवायला ये, तिच्यासमोर माझ्याशी बोल, सोमवारी ती गेली की तू मोकळी, मी मोकळी.

उत्तर लवकर दे.

नफिये


१५ एप्रिल

शेगा,

तुझं उत्तर मिळालं. झुरा आत्याने ते उभ्याउभ्या, एका हाताने गुडघा धरून, तुझ्याच आवाजात म्हणून दाखवलं. या वयातही बाईला नकला चांगल्या जमतात. नंतर बसून म्हणाली, "मी काय टपालखातं आहे का गं? एकीचं पत्र न्यायचं, दुसरीच्या शिव्या आणायच्या. निदान शिव्या तरी खाली उतरताना द्या, चढताना जड होतात."

तू म्हणालीस, "मास्तरीणबाईला सांग, 'आमच्या घरी' असं लिहिलंय तिनं. मी काय ओढ्यात सापडले होते? मीही त्याच चुलीपुढे जन्मले." हे बरोबर आहे. पुढच्या पत्रांत 'आपल्या' लिहीन.

तू असंही म्हणालीस, "पाहुणी आमची. ती आमच्या घरून निघाली, आमच्याच घरी परत येईल. पाहुणा ज्या उंबऱ्यावरून गेला त्या उंबऱ्याचा." हे मात्र बरोबर नाही. पाहुणा ज्या घरची पहिली भाकरी खातो त्या घरचा. हे मी पुस्तकातून सांगत नाही, गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचार.

पहिली भाकरी आपली होती, आणि ती पचली नव्हती हेही मला आठवतं. आईने कोकरू कापलं, दह्यात घालून भाजलं, जसं मोठ्या पाहुण्याला करतात. राहामिम ताटाकडे बघत राहिला. त्यांच्यात मांस आणि दूध एका ताटात चालत नाही, पण पाहुण्याने नको म्हणायचं नाही आणि यजमानाने का म्हणून विचारायचं नाही. मग तो म्हणाला की पोटात दुखतंय. आईने आठवडाभर त्याला कडू पाल्याचा काढा पाजला. बिचारा तोंड वाकडं न करता प्यायचा आणि आई शेजारणींना सांगायची, "शहरातली आतडी, कागदासारखी." शेवटी लुनानेच मला अंगणात खरं काय ते सांगितलं, मी आईला सांगितलं, आणि आई तोंडावर रुमाल धरून इतकी हसली की बाबा बाहेरून विचारायला आले कोण मेलं म्हणून.

पण तू हक्काचा विषय काढलाच आहेस तर मी मुळाशी जाते. भांडण पहिल्या भाकरीचं नाही, हे दोघींना माहीत आहे. भांडण त्या फेब्रुवारीतल्या दिवसाचं आहे. मी नऊ वर्षांची होते, पण आंधळी नव्हते.

बाबा मीठ आणायला क्रुयाला गेले होते. खालच्या वाडीतून निरोप आला की जर्मन शिपाई वर चढताहेत, घरोघर बघताहेत. आपलं घर वाटेवरचं पहिलं. तेवढ्यात तू बर्फातून उतरलीस, लग्नाला वर्षही झालं नव्हतं तुझ्या, काखेत सासरचे दोन झगे. आईशी एक अक्षर न बोलता तू एस्त्रेयाच्या अंगावर झगा चढवलास, डोक्याला रुमाल बांधलास, लुनाचा हात धरलास आणि तिघांना घेऊन निघून गेलीस. मला आठवतं, आई दारात उभी होती आणि तिने तुला अडवलं नाही.

पुढचं सगळं गाव सांगतं. राहामिमला तुमच्या लोकांनी वरच्या कुरणातल्या मेंढवाड्यात लपवलं. शिपाई तुमच्या बैठकीत बसले, राकीचे पेले झाले, आणि एस्त्रेया नवी सून म्हणून भिंतीपाशी हात बांधून, मान खाली घालून उभी राहिली. नव्या सुनेने परक्यांपुढे बोलायचं नाही हा आपला रिवाज, आणि तिला आपल्या भाषेतले दहा शब्द येत नव्हते. सासऱ्यांनी ओरडून कॉफी मागितली तेव्हा तिने राकी आणली, तर शिपाई हसले, म्हणाले नवरी घाबरलीय. एवढं नीट पार पडलं याचं श्रेय तुमच्या घराला आहे, आणि मी ते कधी नाकारलं नाही.

पण संध्याकाळी बाबा घरी आले आणि चुलीपाशी पाहुणे नाहीत! ज्यांना त्यांनी बेसा दिली, ज्यांच्यासाठी मरायचा शब्द दिला, ती माणसं त्यांना न विचारता त्यांच्याच मुलीने दुसऱ्या घरी नेलेली. गावात त्याचा एकच अर्थ निघतो: सेलमानला पाहुणा राखता आला नाही. ते बंदूक घेऊन वर आले, मी त्यांच्या मागे पळत आले. बायराम उंबऱ्यावर.

"व्याही, आत या, कॉफी घ्या."

"कॉफी नको. माझी माणसं दे."

"तुमची कुठली? माझ्या छपराखाली माझे पाहुणे आहेत. माझ्यानंतर माझ्या पोराला मारा, मग न्या."

मग कुरणातून उतरलेला राहामिम मेंढ्यांच्या वासासकट मध्ये येऊन उभा राहिला आणि त्याच्या मोडक्या बोलीत म्हणाला, "बाबांनो, मला जर्मन मारत नाहीत तर तुम्ही मारता का? पोर आत्ताच झोपलीय, आवाज तरी हळू करा." दोन्ही नळ्या खाली गेल्या. पण बाबांनी त्या घराचं पाणीही पुन्हा तोंडाला लावलं नाही, आणि तुला माहेरी बोलावलं नाही.

तर माझा प्रश्न एवढाच आहे, आणि मला त्याचं सरळ उत्तर हवं. बाबा संध्याकाळपर्यंत येणारच होते. तू त्यांची वाट का पाहिली नाहीस?

नफिये


२१ एप्रिल

शेगा,

तुझ्या उत्तराआधीच मला उत्तर मिळालं होतं, आणि ते तू दिलेलं नाही.

मागचं पत्र पाठवण्याआधी मी ते मोठ्याने वाचून तपासत होते. ही माझी जुनी सवय. झुरा आत्या चुलीपाशी पाय शेकत बसली होती. शेवटच्या ओळीला म्हणाली, "हे तिला काय विचारतेस? मला विचार. मीच तर गेले होते बोलवायला."

मी म्हटलं, "कुणी पाठवलं तुला?"

"कुणी म्हणजे? तुझ्या आईनं. म्हणाली, पळ झुरे, शेगाला सांग झगे घेऊन ये, माझ्याशी न बोलता ने त्यांना, जणू तुझ्याच मनात आलं. माझा नवरा संध्याकाळी येईल तेव्हा मला शपथेवर सांगता आलं पाहिजे की मी नाही दिले."

मी म्हटलं, "का पण?"

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी तीस वर्षं पोरांकडे पाहत आले. "का काय? तुझा बाप म्हणायचा, माझ्या प्रेतावरून जावं लागेल. तुझ्या आईचा त्याच्या शब्दावर विश्वास होता गं. पुरुष दारात मरतो, मोठं नाव होतं, आणि मग आतल्यांचं काय होतं? शिपाई प्रेत ओलांडतात आणि आत येतात. आईला पाहुणे जिवंत हवे होते. नवराही."

मी ते पत्र तरीही पाठवलं, कारण ते लिहून झालं होतं आणि मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. आत्या परत आली ती तुझं एकच वाक्य घेऊन: "झुरानं सांगितलं ना? मग मला कशाला विचारते." आणि मग म्हणे तू आत गेलीस, पुन्हा बाहेर आलीस आणि आणखी बोललीस. तेही तिने सगळं म्हणून दाखवलं. या वेळी नक्कल केली नाही.

"आई असताना कसं सांगू? बाबांनी तिला घरात ठेवलं नसतं. आई गेल्यावर जिवंत बापाकडे मेलेल्या आईची चहाडी करू? आणि बाबा गेल्यावर कुणाला सांगायचं? मास्तरणीला? ती तिरानाहून शिकून आली ती ताठ मानेनं, पुस्तकं छातीशी. फळीवरून माझ्यासमोरून जायची जणू मी कुंपण आहे."

मी कुंपणाकडेही पाहून जात होते, शेगा. तुझ्या अंगणातल्या डाळिंबाला किती फळं धरली हे मी दर वर्षी पाहत होते. तू वाळत घातलेले कपडे पाहून घरात कोण आजारी आहे ते मला कळत होतं. पण ते असो.

मी रागावले आहे. तुझ्यावर आहे, आईवर आहे, आणि बाबांवर सगळ्यांत जास्त, कारण त्यांच्याशी आता वाद घालता येत नाही. आईच्या मयताला तू दूरच्या बायकांच्या रांगेत बसलीस, घरच्या बायकांत नाही, आणि मी मनात म्हटलं, हिला लाजही नाही. ज्या घराला वाचवलंस त्या घराच्या शेवटच्या रांगेत बसलीस, आणि तोंड उघडलं नाहीस. एवढं गप्प राहणं हा गुण आहे की दुर्गुण, हे मला ठरवता येत नाही. वर्गात असतीस तर मी तुला पुढच्या बाकावर आणून बसवलं असतं.

दोन दिवस मी घर सारवलं, पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले. आता डोकं जागेवर आहे आणि मी विचार केला तो असा. बाबांचं खरं दुखणं काय होतं? पाहुणे गेले हे नव्हे. ते रीतीने गेले नाहीत हे. यजमानाने पाहुण्याला हद्दीपर्यंत न्यायचं, पुढच्या यजमानाच्या समोर उभं करायचं आणि म्हणायचं, 'आजवर हा माझ्या शब्दात होता, आता तुझ्या.' पुढच्याने म्हणायचं, 'माझ्या डोक्यावर.' ते कधी झालंच नाही. आपल्या घराने तुमच्या घराला ती माणसं कधी सोपवलीच नाहीत.

मग आता सोपवू. शनिवारची रात्र लुना आपल्या घरी झोपेल, कारण पहिली भाकरी. रविवारी दुपारी मी तिला ओढ्यापर्यंत आणेन आणि तुझ्या हाती देईन. दुसरी रात्र तुझ्याकडे, कारण ती त्या उंबऱ्यावरून निघाली. दोघींचं म्हणणं राहतं. लुनाला वाटेल हा गावचा साधा रिवाज आहे, आणि तो आहेच.

कबूल असेल तर सांग. नसेल तर का नाही ते सांग.

नफिये


२९ एप्रिल

शेगा,

कबूल आहेस हे समजलं. अटी घालशील हे अपेक्षित होतं.

पहिली अट, सोपवणं तुमच्या काठावर व्हावं. नाही. ओढ्याचा आपला काठ सपाट आहे, तुमच्याकडे निसरडे दगड आहेत, आणि आपल्या तिघींत मिळून धड असे चार गुडघेही नाहीत. आपल्याच काठावर होईल, तू फळी ओलांडून ये.

दुसरी, जेवण. झुरा आत्या सांगत होती की तू कोकरू बाजूला बांधलं आहेस आणि दही विरजतेस. शेगा, दह्यातलं कोकरू नाही! इतकं सगळं होऊन आपण पुन्हा तेच ताट तिच्यापुढे ठेवायचं आणि ती पुन्हा पोट दुखतं म्हणणार? कोकरू नुसतं निखाऱ्यावर भाज. दही दुसऱ्या दिवशी सकाळी दे. तू म्हणालीस, "बाई आता बदलली असेल, सगळे सगळं खातात." असेलही. पण यजमानाने विचारायचं नाही, मग चूक होणार नाही असंच रांधावं.

माझ्याकडे मक्याची भाकरी, पापुद्र्यांत भाजी भरून भाजलेला ब्यूरेक, आणि शेळीचं चीज. शेळी माझी नाही, झुरा आत्याची आहे. दोन दिवस माझ्या अंगणात बांधेन. लुनाने विचारलं आहे, तर शेळी असली पाहिजे. कॉफी मात्र घरात नाही आणि क्रुयाच्या दुकानात तर फळ्यांवर धूळ आहे. इटलीहून मदतीच्या पेट्या आल्या त्यातली तुझ्याकडे थोडी असल्याचं कळलं. निम्मी पाठव. पाहुणीसमोर बार्लीची कॉफी ठेवायची वेळ आणू नकोस.

तिसरी अट वाचून, म्हणजे ऐकून, मी हसले. तू म्हणालीस, "बाबांनी तोंडी मानलं नाही. या वेळी मास्तरणीनं लिहून द्यावं. काय दिलं, कुणी दिलं, कुणाला दिलं. मी शाळेच्या संध्याकाळच्या वर्गात अक्षरं शिकलेय ती याच्यासाठीच समज." लिहून देईन. रीतसर.

आणखी एक. लुनासमोर आपण एकमेकींशी काय बोलणार? मी विचार केला आणि मला एकही वाक्य सुचलं नाही. इतक्या वर्षांनी माणसं काय बोलतात? हवामानाबद्दल बोलू. मी म्हणेन, यंदा थंडी लांबली. तू म्हण, हो.

नफिये

ता. क. कॉफी आत्ताच पोहोचली. निम्मी नाही, सगळी पाठवलीस. मग तुझ्याकडे काय उरलं? आत्या म्हणते, "विचारू नकोस, ती म्हणाली तू विचारशीलच."


रविवार, १० मे, सकाळी

ताई,

घाईत लिहिते आहे. लुना अजून झोपली आहे, आत्या तोवर हे घेऊन वर येईल. दुपारआधी तुला कळलं पाहिजे.

काल ती शाळेपर्यंत मोटारीने आली आणि तिथून चालत. पांढरे केस कापलेले, पायात पोरांसारखे बूट. मला पाहिलं आणि म्हणाली, "तू नफिये. तू मला लाकडी चमचा मारला होतास." मी म्हटलं, "तू शेळीला रुमाल खायला घातला होतास." मग आम्ही दोघी वाटेतच उभ्या राहिलो, बराच वेळ.

ती भाकरी खाते तेव्हा डोळे मिटते. शेळीशी बेलग्रेडच्या भाषेत बोलली. सगळं पाहून झालं, आईची चूल, बाबांची जागा. मग आम्ही ओसरीवर बसलो आणि तुमच्या घरात दिवा लागला. ती म्हणाली, "तिथे शेगा राहते." मी म्हटलं, हो. "उद्या मी तिथे जाणार." हो. "आणि तू?" मी म्हटलं, मी सोडायला येईन ओढ्यापर्यंत.

मग ती म्हणाली, "नफिये, मी खेचरावर मागे तोंड करून बसले होते. आम्ही निघालो त्या दिवशी. बाबांचं तोंड पुढे होतं, ते गाणं म्हणत होते, इतके खूश. मी मागे बघत होते. आम्ही वळणापर्यंतही पोहोचलो नव्हतो, आणि तुझे बाबा आणि बायराम एकमेकांकडे पाठ करून निघून गेले. एक शब्द न बोलता. तुझ्या बाबांनी तुला दंडाला धरून ओढलं. शेगा एकटी उभी राहिली."

मी उठून शेळीचं दावं पुन्हा बांधलं.

ती म्हणाली, "मी बाबांना कधीच सांगितलं नाही. ते ती गोष्ट सांगायचे, लग्नांत, सणांना, मी मान हलवायचे. मी आले ते हे बघायला की नंतर काय झालं. पाकिटावर 'घर' लिहिलं ते मुद्दाम. वाटलं, तुम्ही ते वाचून एकमेकींना दाखवाल." आणि मग तिच्या त्या आठ वर्षांच्या भाषेत विचारलं, "तुम्ही कट्टी आहात का अजून?"

मी तीस वर्षं मुलांना सांगत आले की सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यावं. मी म्हटलं, हो.

मग मी तिला आईचं सांगितलं. झगे, झुरा, सगळं. ती खूप रडली आणि मग एकदम हसायला लागली. म्हणाली, "म्हणजे आम्हाला वाचवलं ते तुझ्या बाबांच्या शब्दानं नाही, तो शब्द बाबा पाळतील या भीतीनं?" मी म्हटलं, दोन्ही. शब्द नसता तर तुम्ही पहिल्या रात्रीच बाहेर असता, आणि आई नसती तर तो शब्द तुमच्यासकट पुरला गेला असता.

तर ताई, परिस्थिती अशी आहे. आपण जिच्यासाठी हे नाटक बसवलं तिला सगळं आधीपासून माहीत होतं. हवामानाबद्दल बोलायची गरज नाही. तिचं मन राखायला आज तुला फळी ओलांडायला नको, आणि मला ओढ्यापर्यंत यायला नको. ती एकटी चालत तुझ्या दारात येऊ शकते, वाट तिला पाठ आहे.

पण मी येणार आहे. ठरल्या वेळी, ठरल्या काठावर. तू आली नाहीस तर मी समजेन आणि लुनाला पुढे पाठवीन. आलीस तर बरं होईल. याहून जास्त मला लिहिता येत नाही. मी हे वाक्य तीनदा खोडलं.

नफिये


सुपूर्दनामा
गुरबार्ध, रविवार, १० मे १९९२, दुपार

आज ओढ्याच्या खालच्या काठावर, झुरा हिच्या साक्षीने, सेलमानच्या घराने बायरामच्या घराला जे सोपवलं ते येणेप्रमाणे:

राहामिम आणि एस्त्रेया यांची मुलगी लुना. सुखरूप. जेवलेली, झोपलेली, थोडी रडलेली. 'आजवर ही आमच्या शब्दात होती, आता तुमच्या' असं देणारीने म्हटलं. घेणारीने 'माझ्या डोक्यावर' असं म्हटलं.

तिचे आईबाप, जे या घराने त्या घराला तेव्हाच रीतीने सोपवायला हवे होते: राहामिम टोपीवाला आणि एस्त्रेया. त्यांची नावं लुनाने स्वतः उच्चारली. घेणारीने दोन्ही नावांना 'माझ्या डोक्यावर' म्हटलं.

लुनाची कातडी पिशवी एक, बूट घातलेले, मक्याच्या भाकऱ्या कापडात बांधून.

घेणारीने पाहुणी घेतल्यावर विचारलं, "आणि ही दुसरी? हिला कोण नेणार?" देणारीने सांगितलं की ही पाहुणी नाही, पोहोचवायला आलेली आहे. घेणारी म्हणाली, "माहेरचं माणूस ओढ्यावरून परत पाठवायची आमच्या घरात रीत नाही. लिही." म्हणून लिहिते:

सेलमानची धाकटी मुलगी नफिये, वय सत्तावन्न, सोबत काही नाही. शेगाने हाताला धरून फळीवरून नेली. मुक्काम किती दिवस ते ठरलेलं नाही.

देणारी: नफिये
घेणारी: शेगा
साक्षीदार: झुरा, अंगठा